राजदूतांच्या यॉटचे मॅनेजर

दुबईत आमच्या अल मनखूलच्या बिल्डिंगमधले हे गृहस्थ उम्म अल कुवैनला एका जुन्या वाफेच्या यॉटवर मॅनेजर आहेत. ही यॉट आधी कुणा धनिकाची चैन होती. पुढे ती नौदलात गेली, पण लढली कधीच नाही. परदेशी राजदूतांना डेकवर बसवून चहा पाजणं, हीच तिची देशसेवा. आता धक्क्याला बांधलेली असते आणि साखरपुड्यांना भाड्याने मिळते.

गृहस्थ मात्र अजून "आम्ही नेव्हीत होतो तेव्हा" अशीच सुरुवात करतात. तेव्हा ते शारजात एसी विकत होते.

त्यांच्या घरच्या गणपतीला आरतीचं तबक वयाने फिरत नाही, प्रोटोकॉलने फिरतं. आधी कॅनडाचा पासपोर्ट, मग जनरल मॅनेजर, मग आपण सगळे. यंदा नव्या शेजाऱ्यांच्या आजींना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सरळ कापूर पेटवला आणि तबक उचललं. गृहस्थांनी ते अलगद काढून घेतलं.

"आजी, दोन मिनिटं हं. कॅनडावाले खाली पार्किंग शोधताहेत."

सगळे दाराकडे बघत उभे राहिलो. कापूर विझला.

माझ्या मुलीला ताटकळणं सोसत नाही. तिने विचारलं, "अंकल, डझ युअर यॉट इव्हन मूव्ह?"

"नो बेटा, इंजिन कधीच काढलं," ते अभिमानाने म्हणाले, "पण भोंगा अजून फर्स्ट क्लास वाजतो."

"ऐकतेय मघापासून," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा कापूर पेटवला.