उलट्या टोपलीची जागा

मला सगळ्यात जास्त राग येतो तो माझ्याच शहाणपणाचा. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आले आणि सासूबरोबर नाशिकच्या फुलबाजारात झेंडू विकायला बसू लागले. बारावी झालेली सून म्हणून रांगेतल्या बायका आपले तंटे माझ्यापुढे आणायच्या. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

रांगेत सात जागा, सातही ठरलेल्या. एखादी येणार नसली की तिची टोपली जागेवर उलटी घालून वर दगड ठेवायचा. मग ती बाळंतपणाला का गेलेली असेना, तिथं दुसरीनं बसायचं नाही. सगळ्यात चांगली जागा मावशीची, थेट कडुलिंबाखाली. ती आमची कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण तरुणपणापासून तिथं बसायची म्हणून सगळ्यांची मावशी. शेवटची जागा निफाडकडून येणाऱ्या एका विधवा बाईची. तिच्यावर नऊ वाजताच ऊन यायचं. अकरापर्यंत तिची शेवंती मान टाकायची आणि ती मिळेल त्या भावात देऊन टाकायची. पदरात दोन पोरं होती.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मावशी मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तीन-चार महिने ती येणार नव्हती. लिंबाची सावली उलट्या टोपलीवर पडायची आणि तिथून चार पावलांवर शेवंती करपायची. मला ते बघवेना. निफाडची बाई तिथं बसली तर कुणाची हरकत आहे का, असं मी रांगेत एकेकीला विचारलं. कुणाचीच नव्हती. "लय बरोबर बोलली तू," सासूसुद्धा म्हणाली. एकीचं भलं होत होतं आणि कुणाचं काही जात नव्हतं. मावशीला विचारायचं मात्र मला सुचलं नाही. ती तिथं नव्हतीच ना. मीच दगड उतरवून तिची टोपली बाजूला ठेवली आणि निफाडची बाई सावलीत बसू लागली.

पंधरा-वीस दिवसांनी तिला बघायला गेले. ती वॉकर धरून पडवीत चालत होती, घामानं निथळत होती. लेक म्हणाली, "रोज एक फेरी वाढवती. बाजारात जायचं हाय म्हणती." मावशीनं खाटेवर टेकल्या टेकल्या विचारलं, "माझी टोपली हाय ना जागेवर?"

हो म्हटलं असतं तर जीभ झडली नसती माझी. पण मला माझा न्याय मिरवायचा होता. शेवंती कशी वाचली, त्या बाईचा चेहरा कसा उजळला, सगळं कौतुकानं सांगितलं. वर म्हणाले, "तू आलीस की ती उठंल, मावशी. तुझं काय बिघडलं नाय ना?"

मावशीनं वॉकर हातानं लांब सारला. मग म्हणाली, "नाय. माझं काय बिघडायचं?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं वॉकरला हात लावला नाही. लेक रडली, रागावली. डॉक्टरांनी समजावून पाहिलं. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाठीला जखमा झाल्या आणि दिवाळीच्या आधीच ती गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणतात. मी मानत नाही.

दहाव्याला आम्ही सगळ्या गंगेवर गेलो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. लेक म्हणाली, "आई, माझी काळजी करू नको." नातवानं शिक्षण पुरं करीन म्हणून हात जोडले. कावळे पिंपळावरून हलले नाहीत. मावशीचा जीव कशात अडकलाय हे तिथं मला एकटीला ठाऊक होतं. तुझी जागा तुझीच राहील, एवढंच म्हणायचं होतं. शेजारी निफाडची बाई धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. शब्द ओठांवर आला की नजर तिच्याकडे जायची. असा तास गेला. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं आंघोळीला उतरली. मी तोंड उघडलं नाही.