महाकवी रॉकेलच्या लाइनीत

कूलरच्या ओल्या खसाचा वास आला की मला धंतोलीतल्या रशियन भाषेच्या वर्गातली एक दुपार आठवते. रशियाच्या महाकवीची जयंती होती. त्याच्या फोटोला आम्ही झेंडूचा हार घातला होता, उदबत्ती लावली होती, आणि शेजारी उभा राहून मी माझा विनोदी लेख वाचत होतो. त्यात महाकवी नागपुरात येऊन रॉकेलच्या लाइनीत घुसतो आणि बाया ओरडतात, "कवी असशील तुह्या घरी, मांगं लाग!" पोरं खो खो हसली. पहिल्या रांगेतल्या रशियन पाहुण्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ?" वर्गाचे चिटणीस माझ्यावर गरजले, "देवमाणसाची टिंगल काहून करून राहिला गा? सांग आता त्यायले!" गारवा टिकावा म्हणून दारं लावून घेतलेली. पळणार कुठे? मी घाम पुसत मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. बाईंनी एकदा त्या हाराकडे पाहिलं. मग हसू आवरत म्हणाल्या, त्यांच्याकडे रशियात घरोघरी पोरांनी काम टाळलं की आई विचारते, मग काय महाकवी येऊन करणार? मी सुटलो. पण हे बायकोला सांगायची चूक केली. आता रोज दुपारी ती विचारते, "कूलरमध्ये पाणी कोण टाकणार, तुमचा महाकवी?" मी बादली उचलतो. दारं आजही बंदच असतात.