टोप्या नसलेले खुंट

अँब्रोस टली भाषणाला उभा राहिला की आधी टाचेने फळी ठोकायचा. मार्लो क्रीकच्या लोकांना त्याचं भारी कौतुक. सुताराचा लाकूडगिरणीवाला झाला, मेयर झाला, तरी जुनी सवय सुटत नाही, म्हणायचे. सवय कसली डोंबलाची! भीती होती ती.

गावचा हॉल त्यानेच तरुणपणी बांधला होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये इमारत लाकडी खुंटांवर उभी राहते आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी बसते, म्हणजे वाळवी गुपचूप वर चढत नाही. स्टेजखालच्या रांगेपाशी पत्रा संपला. पुरामुळे पत्र्याची बोट अडकलेली आणि उद्घाटनाचा नाच तर ठरलेला. "उद्या जॅक लावून टोप्या सरकवू," म्हणत त्याने वर फळ्या ठोकल्या. हॉलची वाहवा झाली, त्या नावावर कामं मिळाली, गिरणी आली, खुर्ची आली. तो 'उद्या' मात्र आला नाही.

आता टली राज्याच्या निवडणुकीला उभा होता. शनिवारी दुपारी हॉलमध्ये सभा भरली, स्टेजवर शाळेची पोरं गाण्यासाठी ओळीत उभी राहिली. त्याने टाच आपटली. आवाज पोकळ आला. एक गाणं तर आहे, गप्प बसावं, असं मनात येऊन गेलं. मग त्या मनाचीच त्याला जास्त भीती वाटली.

"पोरांनो, खाली उतरा. हळू. सगळे बाहेर चला."

"भाषण विसरलास वाटतं, टली?" विरोधातला उमेदवार फर्गस डॉसन पहिल्या रांगेतून म्हणाला.

"तूही चल. चेष्टा बाहेर जाऊन कर."

शेवटचं पोर उतरलं आणि मागे स्टेज करकरत खाली बसलं.

मैदानात लोकांनी टलीला खांद्यावर घेतलं. काय कान आहे सुताराचा, म्हणाले. फर्गसने हात पुढे केला. "माझी नात होती त्यात. माझं मत तुलाच."

टलीची बायको विनी मात्र मोडक्या फळ्यांतून आत वाकून बघून आली होती. तिने त्याला बाजूला घेतलं.

"स्टेजखालच्या खुंटांना टोप्याच नाहीत रे."

"पत्रा संपला होता, विनी."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. जा, सांग त्यांना. अजून सगळे इथंच आहेत."

फर्गसची नात आजोबांच्या गळ्यात पडून रडत होती. टलीने मान वळवली.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

इतकी वर्षं तो ज्या नजरेने त्या फळ्यांकडे बघत आला, त्याच नजरेने विनीने त्याच्याकडे बघितलं आणि ती एक पाऊल मागे सरकली.