पाठ शेकतेय, पोट गारठतंय

"गाडी तीनला पोचेल. उरलेली पिल्लं क्रेटमध्ये भरून ठेवा," सर फोनवर म्हणाले. "आता तिथे डोकं लावत बसू नका, डॉक्टर. रोग आहे."

मी सिद्धगडाच्या बाजूच्या एका पाड्यावर, कोंबड्यांच्या नव्या शेडच्या दारात उभी होते. हातात मेलेलं पिल्लू. समोर ताराबाई. शेड त्यांच्या महिला गटाची, बॅच पहिलीच. शहापूरच्या ज्या हॅचरीत मी व्हेटरनरी डॉक्टर आणि सर मॅनेजर, तिथून ही पिल्लं आली होती. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा. तीनशे पिल्लं दिली होती. चौथ्या दिवशी सकाळपर्यंत एकतीस मेली.

रोग ठरला की परत नेलेली सगळी पिल्लं मारून पुरतात, आणि त्या पाड्याला पुन्हा बॅच मिळत नाही. हे ताराबाईंना माहीत होतं. म्हणून त्या रडत नव्हत्या, भांडत होत्या.

"डॉक्टरताई, तुमी सांगितला तसाच केला. दाना येळेवर, पानी उकळून, बल्ब एक मिनिट बंद नाय. मग मरतात कशी?"

प्रश्न बरोबर होता. मी थर्मामीटर बघितला. चौतीस अंश. या वयाच्या पिल्लांना अगदी हवं तेवढं. पिल्लांच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. पहिले काही दिवस त्यांना स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, म्हणून आम्ही बल्ब लावतो. त्याला ब्रूडिंग म्हणतात. कोंबडीच्या पंखाखालचं काम बल्ब करतो, एवढंच.

पण पिल्लं सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून बसली होती आणि किंचाळत होती. गरम होत असेल तर ती बल्बपासून लांब पळतात. थंडी वाजत असेल तर ढीग करतात, आणि ढिगाखालची गुदमरून मरतात. म्हणजे थर्मामीटर म्हणत होता गरम आहे, पिल्लं म्हणत होती थंडी वाजतेय. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि पिल्लांना खोटं बोलायची गरज नव्हती.

मी मेलेलं पिल्लू उघडून बघितलं. फुप्फुसं चांगली. पोटात अंड्यातल्या बलकाची शिदोरी तशीच पडलेली, तिला वास नाही, रंग बदललेला नाही. गारठलेल्या पिल्लाला ती धड पचत नाही. रोगाच्या खुणा मला कुठेच दिसेनात.

पिल्लांजवळ जायला मी खाली गुडघे टेकले, तर सलवार भिजली.

"ताराबाई, इथे ओल कसली?"

"सारवलीय ना. रोज सकाळी सारवते. अर्ध्या भागात पिल्लां सरकवते, अर्धा सारवते. मग उलटा."

पेपरच्या घड्यांखाली शेणाने सारवलेली ओली भुई होती. तूस कुठेच नव्हतं.

"आणि मी दिलेलं भाताचं तूस?"

"तां कोपऱ्यात पोत्यात भरून ठेवलाय. इवलीशी पिल्लां, त्यांना तूस टोचल नाय का? बाळंतिणीची खोली आमी अशीच सारवतो. तुमीच बोल्ल्या, जागा स्वच्छ ठेवा."

बोलले होते खरी. तूस पसरा, असंही बोलले होते. का पसरायचं, ते मात्र सांगितलं नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला, पण रागवायला वेळ नव्हता. बारा वाजून गेले होते.

थर्मामीटर मी खांबावर माझ्या डोळ्यांसमोर टांगला होता. तो काढून पिल्लांच्या उंचीवर, बल्बपासून जरा बाजूला धरला. तेवीस. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि जड गार हवा खाली येते. शाळेच्या पुस्तकात याला अभिसरण म्हणतात. चौतीस अंशांची सोय मी माझ्या डोक्यासाठी केली होती.

बल्बची उष्णता सरळ किरणांनी पिल्लांच्या पाठीवर पडत होती. ते प्रारण. तेवढं नीट चाललं होतं. खरा घोटाळा पोटाखाली होता.

मी ताराबाईंचा एक हात भुईवर ठेवला, दुसरा तुसाच्या पोत्यात घातला.

"कुठलं गार?"

"भुई. बर्फ."

दोन्हीकडे थर्मामीटर लावला. फरक जेमतेम दोन अंश. ताराबाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. पण गंमत इथेच आहे, मी त्यांना सांगायला लागले. आपल्या हाताला वस्तूचं तापमान नीट कळत नाही, हातातली उष्णता किती भरभर जाते ते कळतं. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. ओली, ठोकलेली भुई ती झटपट ओढून घेते. हे वहन. शिवाय ओल सुकताना आणखी उष्णता खाते. तुसात मात्र कणाकणांमध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही.

"म्हंजे गोधडी," ताराबाई माझं बोलणं मध्येच तोडून म्हणाल्या. "बाळाला भुईवर उघडा कोन निजवतो? खाली गोधडी लागतेच. मी येडी, ह्यांना उघडीच निजवली गो!"

त्यांनी बायकांना हाका मारल्या. पिल्लं टोपल्यांत भरून अंगणातल्या उन्हात ठेवली. ओल्या भुईवर प्लास्टिक अंथरलं, वर चार बोटं तुसाचा थर दिला. बल्ब खाली घेतले, शेडच्या भिंतींना लावलेल्या जाळीच्या खालच्या भागाला गोणपाट बांधलं. भोवती पुठ्ठ्याचं गोल कुंपण केलं. मग पिल्लं आत सोडली.

सरांना फोन केला. "सर, रोग नाही, गारठा आहे."

"गाडी निघालीय."

"येऊ दे. रिकामी परत जाईल."

"दोन दिवस देतो. दहाच्या वर मेली तर बॅच बंद. आणि रिपोर्टमध्ये कुणाचं नाव टाकू?"

"माझंच टाका. सूचना मीच दिल्या होत्या."

तीनला ड्रायव्हर क्रेट घेऊन आला. पिल्लं पांगून दाणे टिपत होती, काही तुसात पाय पसरून झोपली होती. किंचाळणं थांबलं होतं. त्याने दारातूनच डोकावून बघितलं, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी चार मेली, तिसऱ्या दिवशी एक. पुढे मेलेलं पिल्लू उचलायला मला कुणी बोलावलं नाही.

पुढच्या महिन्यात धसईला नव्या गटांचं ट्रेनिंग होतं. मी ताराबाईंना घेऊन गेले. वहन, अभिसरण, प्रारण मी फळ्यावर लिहिलं आणि समजावायला लागले. वीस मिनिटांत मागच्या ओळीतल्या दोघी डुलायला लागल्या. ताराबाई उठल्या. "ताई, जरा बसा तुमी." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "चला गो, आडव्या व्हा. एकेकीनं भुईला गाल लावा. मी सांगेन तवाच उठायचा."

जानेवारीतली फरशी होती. अर्ध्या मिनिटात सगळ्या गाल चोळत उठून बसल्या. तूस का घालायचं, हे एकीनेही विचारलं नाही. मी फळा पुसला.