अर्धा कप

कबनूरच्या आमच्या साडूंना कुठेही पूर्ण बसलेले कुणीच पाहिले नव्हते. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मांडवाचा खांब कलतोय म्हणून ते बघायला गेले होते. त्यांचे बारा यंत्रमाग होते. वीज गेली की बाराही थांबत, साडू मात्र त्यांच्यामधून तसेच फिरत राहत. एका जेवणात ते पाच भाकरी खात (एकदा साडेपाच) आणि तेवढ्यात तीनदा उठत. मी मोजले आहे, मला सवयच आहे. एवढे खाऊनही कमरेचा पट्टा दरवर्षी एक भोक आत. ऐन डिसेंबरात यांचा पंखा जोरात आणि बायको-मुले दोन-दोन गोधड्यांत. आमच्याकडे आले की निम्मा चहा ठेवून "येतो पावणं" म्हणत चपला घालत. शेवटी माझ्या बायकोने, म्हणजे त्यांच्या थोरल्या मेव्हणीने, त्यांना अर्धाच कप द्यायला सुरुवात केली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांचा वरचा रक्तदाब एकशे ऐंशीच्या खाली येईना. "पाच मिनिटं शांत बसा" असे डॉक्टर म्हणाले की हे डॉक्टरच बदलत. इचलकरंजीत असे चार झाले. चौथ्याने त्यांच्या गळ्याला बोटे लावून पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितले, हे हृदय फार दिवस असे पळू शकणार नाही, कोल्हापुरात थायरॉइडच्या तज्ज्ञ बाई आहेत, त्यांना दाखवा.

तिथे आमचा नंबर सतरावा होता. तेवढ्या वेळात साडूंनी दोनदा चहा आणला, डुगडुगणाऱ्या बाकाखाली कागदाची घडी सारली आणि आठव्या नंबरच्या म्हाताऱ्याला रिक्षात बसवून आले. आत बाईंनी त्रास विचारला.

"कायबी न्हाय. यांनी आणलंय."

मग मीच बोललो: भाकरी, पट्टा, पंखा, उठणे. पंगतीत या गोष्टींवर लोक पोट धरून हसायचे. बाई हसल्या नाहीत, एकेक लिहीत गेल्या. मग त्यांनी साडूंना हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. तो फडफडू लागला. तुटलेल्या धाग्याला न बघता गाठ मारणारा हा माणूस त्या कागदाकडे बघत राहिला.

"हा स्वभाव नाही, आजार आहे," बाई म्हणाल्या. "रक्तदाबही त्यानंच चढलाय. रक्त तपासून घेऊ."

रस्त्यावर आल्यावर साडू हळूच म्हणाले, "वरीस झालं, गाठ बसंना झालीया. कुणाला सांगितलं न्हाय." थोडे पुढे जाऊन थांबले. "पावणं, मग माझा सोभाव कसला हाय?"



रिपोर्ट बाई म्हणाल्या तसाच आला. साडूंनी गोळी एकही दिवस चुकवली नाही; वही मी ठेवत होतो. दहा महिन्यांनी रक्तदाब एकशे तीसवर ऐंशी, वजन सहा किलोने वर, धाग्याची गाठ पहिल्यासारखी. सगळे आकडे बरोबर.

त्या संक्रांतीला ते आमच्याकडे आले, खुर्चीला पाठ टेकून बसले आणि बसूनच राहिले. मी सवयीने मोजायला लागलो, पण मोजण्यासारखे काही घडेना. बायकोनेही सवयीने अर्धाच कप आणला. त्यांनी तो सावकाश संपवला आणि तळाकडे पाहिले.

"अक्का, अर्धाच?"

ती आत गेली. पुन्हा आधण ठेवल्याचा आवाज आला. चहा येईपर्यंत साडू निवांत बसून होते. मीच तीनदा उठलो.