उघडूनबघ सर

साठवलेली फाइल खरोखर साठली आहे, हे कशावरून ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर मला महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कचेरीत, संगणक सांभाळणाऱ्या एका अस्वस्थ माणसाकडून मिळाले. आम्ही त्यांना ‘उघडूनबघ सर’ म्हणत असू.

सर पोलादपूरहून मोटारसायकलने येत आणि हेल्मेट काढण्याआधी संगणक सुरू करीत. खुर्ची त्यांना मानवत नसे. कळ दाबायची, खिडकीशी जायचे, फाटकावरचे टँकर न्याहाळायचे, परत यायचे. हिशेबनीस बाई वैतागत, “सर, बसा की! तुमच्या फेऱ्यांनी माझा चहा हिंदकळतोय.” सर म्हणत, “बसलो की डोकं पण बसतं, बाई.” आणि पुन्हा उठत.

काम झाले असे कुणी म्हटले, की त्यांचा प्रश्न ठरलेला: “उघडून बघितलंस?” एका पुरात खालच्या मजल्यावरचे संगणक बुडाले आणि जपून ठेवलेल्या प्रती कोऱ्या निघाल्या. तेव्हापासून त्यांचा ‘झालं’ या शब्दावर विश्वास उरला नव्हता.

दासगावचा बाळाराम आमच्या कारखान्यात होता. झडपेतून आम्ल उडून त्याचा एक डोळा गेला. चौकशीत त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येऊ घातला होता. वास्तविक झडप गळते, हे तो आधीपासून सांगत होता आणि त्याचा पर्यवेक्षक ते रोजच्या मेलमध्ये कळवत होता. जुनी मेलपेटी मात्र त्या संध्याकाळी कायमची बंद व्हायची होती. चौकशीसाठी त्यातल्या मेल फायलींत उतरवण्याचे काम त्याच दिवशी सरांकडे आले.

त्यांनी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेल्या सूचना. सर म्हणत, “तो काम न कंटाळता करतो, आणि चूकही न कंटाळता करतो.” मॅक्रो चालला, पडद्यावर ‘काम पूर्ण’ उमटले.

बाळाराम दारातच उभा होता. “झालं ना, सर?”

“थांब रे. बघू दे.”

फोल्डर उघडला. आत एकच फाइल. सर मटकन खुर्चीत बसले. त्यांना बसलेले मी प्रथमच पाहिले.

“सर, माझं काय नाय का त्यात?”

“आहे. मीच एकावर एक लिहीत गेलो!”

कारण साधे होते. मॅक्रो मेलच्या विषयावरून फाइलला नाव देत होता आणि प्रत्येक मेलचा विषय एकच: ‘पाळी अहवाल’. त्याच नावाची नवी फाइल आली की जुनी निमूटपणे पुसली जाई. मूळ मेल अजून पेटीत होत्या. सरांनी नावाच्या आरंभी मेल आल्याची तारीख व वेळ जोडली, मॅक्रो पुन्हा चालवला आणि एकेक फाइल बाळारामसमोर उघडली.

“वाच.”

उरलेल्या डोळ्याने तो पडद्याजवळ वाकला. “‘बाळाराम सांगतो, झडप गळते.’ हाय, सर. हाय.”

पेटी बंद झाली, ठपका टळला.

पुढे सरांच्या निरोपसमारंभात त्यांनी भेटीचे खोके मंचावरच फोडले आणि घड्याळ कानाला लावले. सारे हसले. “चालतंय,” ते म्हणाले आणि न बसताच निघाले. आता कचेरीत बाईंचा चहा हिंदकळत नाही. मलाच खिडकीशी जाऊन यावेसे वाटते.

वरील उत्तर माझ्या शब्दावर स्वीकारू नका. तुम्ही जपून ठेवलेली एखादी फाइल आज उघडा आणि स्वतः वाचून पाहा.