बरणीमास्तरांचं टेबल

मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. रविवारी लेक येईल तेव्हा तिने घरातल्या टेबलाशी बसून आपल्याबरोबर जेवावं. वाटेल, यात काय एवढं? पण ज्या घरात सहा माणसांचं टेबल आहे आणि त्यावर आजवर कुणी घासभरही खाल्लेलं नाही, त्या घरात ही मागणी लहान नव्हती. शिवाय रविवारनंतर लेक समुद्रापलीकडे नोकरीला निघाली होती. तीन वर्षांचा करार होता. मास्तरांच्या वयाला तीन वर्षं म्हणजे काही उद्या-परवा नव्हे.

मास्तर चित्रशाळेतून निवृत्त झालेले. जन्मभर स्थिरचित्र शिकवलं. टेबलावर बरणी, फळं, कापडाची चुणी मांडायची आणि समोर बसून ती हुबेहूब रंगवायची. स्वतः एवढ्या बरण्या रंगवल्या, की विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव बरणीमास्तर पाडलं. हे त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडतही होतं. तोंडावर मात्र कधी दिसू दिलं नाही. मास्तरांचं आवडणं-नावडणं तोंडावर दिसलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दर वर्षी पहिल्या तासाला त्यांचं एक ठरलेलं भाषण असे. "ही कला सुरू झाली मेलेल्यांसाठी," ते म्हणायचे. "थडग्याच्या आत भिंतीवर पाव, मासे, फळं रंगवायची, म्हणजे आतला माणूस उपाशी राहायला नको. मग ती जिवंत श्रीमंतांच्या भिंतीवर आली. पाहुण्याने काचेच्या वाडग्यातली फळं बघावीत आणि म्हणावं, इथे कशाची वाण नाही. त्यानंतर बिचाऱ्या वस्तूंना कितीतरी शतकं कोपऱ्यात बसावं लागलं. मध्ये संत, देवदूत, राण्या, आणि खाली पायाशी एक सुरई, एखादं फूल. पण चित्रकाराचा जीव असायचा त्या सुरईवर! शेवटी कुणीतरी धीर केला. माणसांना चित्राबाहेर घालवलं आणि सुरईला मध्यभागी आणलं."

इथे ते थांबून वर्गाकडे बघायचे. मग पुढचं सांगायचे: ती मांडलेली टेबलं, त्यांवर अर्धं सोललेलं लिंबू आणि कलंडलेला पेला, जणू जेवणारा आत्ताच उठून गेलाय. मग कवटी आणि विझलेली मेणबत्ती, सगळं सरतं याची आठवण द्यायला. मग सफरचंदं, जी खायची नव्हतीच, नुसती गोल आणि जड असायची. मग वस्तूचे तुकडे करून तिच्या चारी बाजू एकाच वेळी दाखवायचा उद्योग. आणि अगदी अलीकडे, काही रिकाम्या बाटल्या, धुळीच्या रंगाच्या, एकमेकींना चिकटून उभ्या. "थोडक्यात काय," मास्तर खडू खाली ठेवायचे, "स्थिरचित्राची वाटचाल म्हणजे माणसांचं एकेक करून उठून जाणं." पोरं हे वाक्य वहीत उतरवून घ्यायची. मास्तर हात झटकून घरी जायचे.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टेबल बायकोच्या भावाने लग्नात दिलेलं, चांगलं भक्कम लाकडाचं, खुर्च्यांसकट. बायकोच्या मनात होतं, चार माणसं घरी येतील, हसतखेळत जेवणं होतील. पण त्या घरात सारखा राहणारा उजेड एकाच खिडकीतून यायचा, उत्तरेकडच्या. टेबल त्या खिडकीखाली गेलं. "चार दिवस फक्त," मास्तर म्हणाले होते. ते चार दिवस काही संपले नाहीत.

पहिल्या वर्षी त्यांनी बायकोलाच टेबलाशी बसवून रंगवलं, पुढ्यात नासपतींचा वाडगा ठेवून. नासपती झकास उतरल्या. बायको काही उतरेना. तिचं नाक तीनदा पुसलं, आणि चौथ्यांदा तिलाच पुसून टाकून तिथे पडदा रंगवला. पुढे त्यांचीही कवटीची पाळी आली. प्लॅस्टरची कवटी घरात आणली, तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, "ही तरी राहील इथे, नाहीतर मी." मग कवटी शाळेच्या कपाटात गेली. सफरचंदं बरीच वर्षं टिकली. बाजारात जाऊन एकेक निवडून ती आणायची बायको, आणि चित्र पूर्ण होईतो त्यांना हात लावायचा नाही हा नियमही तीच पाळायची. सफरचंद मऊच असतं अशी लेकीची कितीतरी दिवस समजूत होती. शेवटी शेवटी टेबलावर तीन बाटल्या आणि एक बरणी उरली. बायको म्हणाली, "आधी माणसं गेली, मग फळं गेली. आता रंगही चालले. पुढे काय, नुसतं टेबल रंगवणार का?" मास्तर हसले नाहीत. ते पांढऱ्यात राखाडी मिसळत होते.

नियम खडूचा होता. प्रत्येक वस्तू मांडली की तिच्या बुडाभोवती खडूने रेघ ओढायची, म्हणजे चुकून हललीच तर परत तिथेच ठेवता येते. वर्गात ही पद्धत सगळेच वापरतात. पण वर्ग संध्याकाळी बंद होतो. घराला कुलूप लावून माणसं कुठे जाणार? लेक चालायला लागली तीच टेबलाला वळसा घालून. तिने दप्तर कधी त्यावर टेकवलं नाही, अभ्यास पलंगावर पोट टेकून केला. एकदा, पाच-सहा वर्षांची असेल, तिने घोसातलं एक द्राक्ष तोडून खाल्लं. मास्तरांनी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. नुसते बोलायचे थांबले. दुसऱ्या दिवशी पोरगी फळवाल्याकडून एक द्राक्ष मागून घेऊन आली आणि तळहातावर धरून विचारू लागली, "बाबा, हे कुठे होतं?" मास्तरांनी ते घेतलं, घोसाच्या डाव्या अंगाला नीट बसवलं आणि म्हणाले, "शाबास." हा किस्सा ते सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं रंगवून सांगत. सगळे हसत, तेही हसत.

बायको गेली त्यालाही आता बराच काळ झाला. भेटायला आलेली माणसं हातात चहाचे कप घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. टेबलावर बाटल्या मांडलेल्या होत्या, कप ठेवायची कुणाची छाती झाली नाही. माणसं गेल्यावर मास्तर भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात गेले. एरवी त्यांचं ताट चित्रापाशी आणून दिलं जायचं. ओट्यापाशी दोन स्टुलं होती. एक उंच, एक ठेंगणं. मायलेकी इथे बसून जेवायच्या, इतकी वर्षं, हे त्यांना माहीत होतं. दिसलं मात्र त्या दिवशी. तिसरं स्टूल नव्हतं. ते कुणाला आणावंसं वाटलंच नव्हतं. मास्तर उंच स्टुलावर बसले आणि त्यांना हुंदका आवरेना. ते रडत होते बायकोसाठी, पण थोडे त्या स्टुलासाठीही.

तेव्हापासून ते एकटे. शेजारी चांगले होते, पण मास्तरांना बोलता यायचं ते बरण्यांबद्दल, आणि लोकांना बरण्यांत लोणच्यापुरताच रस. लेक दुसऱ्या शहरात. महिन्या-दोन महिन्यांनी यायची, उभ्या उभ्या यायची, औषधं आणून द्यायची, पडदे धुवायची आणि गाडी गाठायची. तिच्या नोकरीची बातमी फोनवरच कळली.

"रविवारी दुपारी येईन. दोन-तीन तास मिळतील," ती म्हणाली.

"जेवायला ये."

"जेवायला? तुमच्याकडे?"

"का? मला करता येतं की."

"अहो, तसं नाही. उगाच त्रास कशाला? मी आणीन काहीतरी बांधून."

"आणू नकोस," मास्तर म्हणाले. टेबलाचं मात्र तोंडातून निघालं नाही. समोर बघितलं की कळेलच तिला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी त्यांनी बाटल्या उचलल्या. हे लिहायला सोपं आहे. टेबलावरचं चित्र अर्धं झालेलं होतं, आणि खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांतलं तेच एक बरं जमत होतं. बरणीच्या खांद्यावर उजेड नेमका येऊन बसला होता. बरणी उचलताना त्यांचा हात दोनदा मागे आला. मग "मरू दे" म्हणून त्यांनी ती कपाटात कोंबली आणि ओल्या फडक्याने खडूच्या रेघा पुसायला घेतल्या. वरच्या निघाल्या. खालच्या लाकडात मुरलेल्या होत्या, त्या घासून घासून हात दुखले तरी हलेनात. शेवटी त्यांनी पांढरी चादर काढून घडी मोडून अंथरली. जेवणाच्या टेबलाची चादर म्हणून बायकोने ती केव्हातरी आणून ठेवली होती. दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच चिकटलेली होती.

रविवारी त्यांनी बटाटे उकडले, टोमॅटोचं सूप केलं, ताजा पाव आणला. दोन ताटल्या, दोन वाडगे, दोन पेले, एक लिंबू. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मांडायला लागल्यावर हात त्यांचा राहिला नाही, मास्तरचा झाला. पाव जरा तिरका, कापलेली बाजू उजेडाकडे. लिंबू एकटं वाटलं म्हणून अर्धं सोलून सालीची गुंडाळी कडेवर सोडली. सुरी अशी ठेवली की मूठ टेबलाच्या कडेबाहेर आली. मुलांना ते हेच शिकवायचे, त्याने चित्राला खोली येते. चादरीची एक चुणी बोटाने उठवली. दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "अरे, यावर जेवायचंय." पण चुणी तशीच ठेवली.

लेक आली. चपला काढल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, "वाळलात की हो," म्हणाली. टेबलापाशी येताच आपोआप अंग चोरून कडेने वळली. पिशवी खाली, भिंतीशी ठेवली.

"वा," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी फळबिळ दिसलं बाबा तुमच्या टेबलावर. आई असती तर खूश झाली असती. सालीची ती गुंडाळी छान पडलीय."

मास्तरांनी तोंड उघडलं. तोवर ती पावाकडे वाकली होती.

"पावही खराच आहे? दिवसभरात सुकेल, आजच उरका तेवढा." ती बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "मी सँडविच आणलीत हं. तुम्ही आणू नको म्हणालात, पण म्हटलं तुम्ही कामात असाल. इथेच ओट्यावर खाऊ या ना? या लवकर."

मास्तर टेबलाशी उभेच होते. वाडग्यांतल्या सुपावर साय धरू लागली होती. नेहमीचे मास्तर असते तर आत गेले असते, सँडविच खाल्लं असतं, आणि लेकीला निरोप दिला असता. तेवढं त्यांना जमत होतं. त्यांनी पावाकडे हात नेला. लेक त्यांना बोलवायला बाहेर आली होती. तिने झपकन पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"बाबा! हलेल ना!"

"हलू दे," मास्तर म्हणाले. "अगं, चित्र नाहीये ते. जेवण आहे. तुझ्यासाठी केलंय. तू बस इथे. मला तुझ्याबरोबर बसून जेवायचंय, बाळ, एवढंच."

आधी लेकीला हसू आलं, मोठ्याने हसली. मग ते मध्येच थांबलं आणि तिने मान फिरवून खिडकीकडे केली. थोड्या वेळाने खुर्ची घेतली. ओढली नाही, दोन्ही हातांनी उचलून मागे घेतली, आणि बसली.

सूप गार झालं होतं. "छान झालंय," ती म्हणाली. मास्तरांना भरून आलं, आणि त्या भरात ते बोलत सुटले. बटाट्यांबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, तिकडे थंडी किती असते, गरम कपडे घेतलेस का. लेक उत्तरं देत होती, मधून मधून हसतही होती. बऱ्याच वेळाने मास्तरांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

पाव ती मागच्या बाजूने तोडत होती, समोरची बाजू मोडू नये अशी. सुरी वापरून झाली की तिची मूठ पुन्हा कडेबाहेर, तेवढीच तिरकी ठेवत होती. कोपर एकदाही चादरीला टेकलं नव्हतं. पाणी पिऊन झालं की पेल्याचा ओला गोल डोळ्यांनी शोधून पेला अगदी त्यावरच टेकवत होती. हे करते आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. ती थंडीच्या कपड्यांबद्दल बोलत होती.

मास्तरांनी आपला पेला उगाच इकडून तिकडे सरकवला, चादरीची चुणी हाताने सपाट केली, लिंबाची साल ताटलीत टाकली. मग शक्य तितक्या सहज म्हणाले, "तो पेला कुठेही ठेव गं. कुठेही चालेल."

"हो," लेक म्हणाली आणि तिने पेला उचलला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एवढं मोठं टेबल, पण तिला काही जागा सापडेना. जेवण संपेपर्यंत ती पेला हातातच धरून बसली.